मक्याची आई कोण? पेशीद्रवी वारसा आणि मक्याचं बियाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात मका हे काही मुख्य पीक नव्हे. भात कापून झालं आणि विहिरीला पाणी टिकलं, की दहा-वीस गुंठ्यांत स्वीट कॉर्न लावायचं, आणि किनाऱ्यावरच्या गाड्यांवर लिंबू-तिखट चोळलेली कणसं खायची, एवढाच आपला आणि मक्याचा संबंध. तरीही "ताई, या पाकिटातल्या बियाण्याची आई कोण?" या धाटणीचे प्रश्न मला सतत येतात. काही शेतकऱ्यांचे असतात, काही कृषी पदवीच्या मुलांचे, आणि बरेचसे संकरित भाताचं बीजोत्पादन करणाऱ्यांचे. एकदाच सगळं लिहून ठेवते.

पेशीद्रवी वारसा म्हणजे नेमकं काय?

गुण जनुकांतून येतात आणि जनुकं केंद्रकातल्या गुणसूत्रांवर असतात, हे शाळेत शिकलेलं अर्धं खरं. पेशीत केंद्रकाबाहेरही डीएनए असतो: तंतुकणिकांमध्ये, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात, आणि हरितलवकांमध्ये. परागकण बीजांडापर्यंत पोचतो तेव्हा बापाकडून येतं ते जवळजवळ फक्त केंद्रक. अंडपेशी मात्र आपल्या पेशीद्रवासकट, म्हणजे केंद्रकाभोवतीच्या द्रवासकट, त्यातल्या तंतुकणिका आणि लवकांसकट तयार बसलेली असते. त्यामुळे मक्यात हा केंद्रकाबाहेरचा डीएनए आईकडूनच येतो, पिढ्यान् पिढ्या.

आकाराने ही फार छोटी गोष्ट आहे. मक्याच्या केंद्रकात सुमारे २३० कोटी आधारजोड्या, म्हणजे डीएनएची अक्षरं म्हणा. नेहमीच्या मक्याच्या तंतुकणिकेत साधारण ५ लाख ७० हजार, हरितलवकात १ लाख ४० हजार. पण तंतुकणिका ही पेशीची चूल. घराचा नकाशा दोघांनी मिळून काढला, तरी चूल आईच्या माहेरून आलेली आहे, आणि चूल बिघडली की नकाशा कितीही चांगला असून भागत नाही.

हे कोणाच्या लक्षात आलं?

कार्ल कॉरेन्सने १९०९ साली गुलबक्षीवर दाखवलं. हो, तीच आपल्या अंगणातली, संध्याकाळी फुलणारी. पांढरट-हिरव्या पानांच्या गुलबक्षीत रोपाचा रंग कसा येणार हे बी कोणत्या फांदीवर धरलं त्यावर ठरतं, पराग कुठला होता याचा त्यात काही हात नसतो, हे त्याने पाहिलं. मक्यात मार्कस ऱ्होड्सने १९३१ आणि १९३३ साली पेरू देशाच्या मक्यातलं एक नरवंध्य, म्हणजे पराग न देणारं, झाड अभ्यासलं. त्याने संकर करत करत त्या झाडाची दहाच्या दहा गुणसूत्रं दुसऱ्या मक्याच्या गुणसूत्रांनी बदलली. तरी तुरा वांझच राहिला. म्हणजे दोष गुणसूत्रांत नव्हताच. हा प्रयोग मला अजूनही फार देखणा वाटतो. यंत्रं नाहीत, डीएनएचा पत्ता नाही, नुसती शेतातली चिकाटी.

मक्याच्या कोणत्या गुणांवर पेशीद्रवाचा परिणाम होतो?

सर्वांत ठळक म्हणजे नरवंध्यत्व: तुरा येतो, पण त्यातून पराग पडत नाही. त्यानंतर काही रोगांना बळी पडणं, त्याबद्दल खाली सविस्तर लिहिलं आहे. काही झाडांत तंतुकणिकेतल्या बिघाडामुळे पानांवर फिकट पट्टे येतात, झाड खुरटतं, कणीस अर्धवट भरतं. लवकांतल्या बिघाडानेही पट्टे येतात. गंमत अशी की 'आयोजॅप' नावाचं एक जनुक असतं केंद्रकात, पण ते लवकं बिघडवतं, आणि एकदा बिघडलेली लवकं मग आईकडून पुढे जात राहतात, ते जनुक पुढच्या पिढीत गेलं नाही तरी.

उंची, फुलोऱ्याचे दिवस, दाण्याचं वजन, उत्पादन यांवरही थोडाफार परिणाम नोंदवला गेला आहे. पण स्पष्ट सांगते, उत्पादनाचा मोठा भाग केंद्रकातली जनुकं आणि तुमचं शेत मिळून ठरवतात. पेशीद्रव बदललं की कणीस दुप्पट होईल असं कोणी सांगितलं, तर चहा पाजून वाटेला लावा. उत्पादनाच्या बाबतीत एक खरी गोष्ट अशी: नरवंध्य झाडाला पराग बनवण्यात अन्न खर्च करावं लागत नाही. वंध्य संकरासोबत वेगळ्या कुळातला, पराग देणारा संकर मिसळून पेरला तर दाण्याचं उत्पादन काही वेळा वाढतं, असं युरोपातल्या प्रयोगांत दिसलं आहे. दर वेळी आणि प्रत्येक वाणात मात्र नाही.

झाड वांझ असणं हा तर दोष झाला. तो मुद्दाम कशाला हवा?

कारण मक्याचं संकरित बियाणं करायचं म्हणजे मादी ओळीतल्या प्रत्येक झाडाचा तुरा काढावा लागतो. शेतात साधारण चार ओळी मादीच्या, दोन ओळी नराच्या असं लावतात. तुरा पोंग्यातून वर आला, पण अजून फुटला नाही, अशा दोन-तीन दिवसांच्या बेचक्यात तो धरून वर ओढायचा. ओढताना एक ओलसर, चर्र असा आवाज येतो आणि हाताला हिरवा चिकट रस लागतो. सोबत वरचं पान निघालं तर दाण्याचं नुकसान, आणि तुरा अर्धा तुटून मागे राहिला तर त्या अर्ध्यातूनही पराग पडतो. उन्हात पानांच्या कडा हातांना कापतात. सगळी झाडं एकदम तुऱ्यावर येत नाहीत, म्हणून रोज सकाळी तीच ओळ पुन्हा चालायची. मी शिकत असताना एका सकाळी आमच्या तुकडीकडून एक आडवी ओळ राहून गेली. दुपारी वारा सुटला. संध्याकाळी त्या प्लॉटचं बियाणं म्हणून मूल्य शून्य झालं होतं.

मादी ओळीचा तुरा मुळातच वांझ असेल, तर ही सगळी मजुरी वाचते. पण मग शेतकऱ्याच्या शेतातल्या संकराला पराग हवा, नाहीतर कणसं भरणार कशी? त्यासाठी नर ओळीत 'पुनःस्थापक' जनुक असावं लागतं, ते वंध्यत्व झाकून टाकतं. ही जनुकं केंद्रकात असतात. आईच्या चुलीचा बिघाड बापाकडून आलेला गवंडी दुरुस्त करतो, असं समजा.

१९७० साली अमेरिकेत काय घडलं?

हा प्रश्न आला की माझं उत्तर लांबतं.

टेक्सासमधल्या 'गोल्डन जून' नावाच्या मक्यात एक नरवंध्य पेशीद्रव सापडलं. त्याला टेक्सासवरून 'टी' म्हणू लागले. ते पक्कं होतं, हवामान बदललं तरी वंध्यत्व सुटत नसे, म्हणून बियाणं उद्योगाला फार आवडलं. १९६०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या मक्याच्या सुमारे ८५ टक्के क्षेत्रावर हेच पेशीद्रव होतं. पाकिटावर नावं शेकडो, बाप वेगवेगळे, आई मात्र एकच.

फिलिपिन्समधून १९६१ सालीच इशारा आला होता की टी-पेशीद्रवाच्या झाडांवर पानांवरचा करपा जास्त पडतो. तो कोणी मनावर घेतला नाही. १९७०च्या दमट हंगामात बायपोलॅरिस मेडिस या बुरशीचा 'टी' प्रकार दक्षिणेतून उत्तरेकडे चढत गेला. पानांवर लांबट तपकिरी डाग, मग खोडावर, मग थेट कणसावर. देशाचं सुमारे १५ टक्के मका पीक गेलं, नुकसान अंदाजे १०० कोटी डॉलर.

कारण पुढे उलगडलं. टी-पेशीद्रवाच्या तंतुकणिकेत 'टी-यूआरएफ१३' नावाचं एक जनुक आहे. ते मूळच्या जनुकांचे तुकडे विचित्र जोडले जाऊन बनलेलं. त्याचं प्रथिन तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात बसतं. बुरशीचं विष या प्रथिनाला चिकटलं की पडद्याला भोकं पडतात आणि चूल विझते. परागकोषात परागाला पोसणारा जो थर असतो, तो याच प्रथिनामुळे लवकर कोसळतो आणि तुरा वांझ राहतो. ज्या गुणासाठी ते पेशीद्रव निवडलं होतं, तोच गुण बुरशीसाठी उघडं दार होता. मेथोमिल या कीटकनाशकाचाही टी-पेशीद्रवाच्या झाडांवर तसाच मार बसतो, त्याच प्रथिनामुळे.

दोन्ही गुण एकाच जनुकाचे, याचा पुरावा प्रयोगशाळेतून आला. १९७०च्या दशकात टी-मक्याच्या पेशी ऊतीसंवर्धनात वाढवून त्यांवर बुरशीचं विष ओतलं आणि जगल्या त्या पेशींपासून झाडं उभी केली. झाडं विषाला दाद देईनात, पण त्यांचे तुरे पराग पाडू लागले! पुढे पाहिलं तर त्यांच्यातलं टी-यूआरएफ१३ गळालं तरी होतं किंवा बिघडलं तरी होतं.

मग दुसरी सुरक्षित पेशीद्रवं नाहीत का?

आहेत. मक्यात मुख्यतः तीन: टी, सी आणि एस. 'सी' हे ब्राझीलच्या 'चारुआ' मक्यातून आलं. 'एस' थोडं लहरी आहे, त्यात वंध्यत्व अधूनमधून आपोआप सुटतं. ही दोन्ही त्या करप्याच्या टी प्रकाराला तशी बळी पडत नाहीत. प्रत्येकाचा दुरुस्तीचा गवंडी मात्र वेगळा. टीला आरएफ१ आणि आरएफ२ ही दोन्ही जनुकं लागतात, एसला आरएफ३, सीला आरएफ४. एकाचं दुसऱ्याला चालत नाही.

आपल्याकडे मिळणाऱ्या मक्याच्या बियाण्यात टी-पेशीद्रव असेल का? कोकणात तर हवा कायम दमट.

१९७० नंतर टी-पेशीद्रव व्यापारी बियाण्यातून बाहेर गेलं. भारतात मक्याचे पहिले संकर १९६१ साली आले, गंगा, रणजित, डेक्कन वगैरे. आपल्याकडे संकरित मक्याचं बियाणं आजही मुख्यतः हातानं तुरे काढूनच होतं. पानांवर करपा दिसला की "पेशीद्रव!" म्हणून ओरडू नका. आपल्या दमट हवेत करपा येणारच. दाट लागवड टाळा, आधीच्या पिकाचे अवशेष शेतात ठेवू नका, आणि पाणी साचू देऊ नका.

भाताच्या संकरित वाणांमध्येही हेच असतं का?

हो, आणि आपल्या कोकणाला खरी झळ इथेच लागते. कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रातून १९९८ साली 'सह्याद्री' हा संकरित भात प्रसारित झाला, नंतर त्या मालिकेतले पुढचे आले. त्याची मादी आयआर ५८०२५ ए. तिच्यातलं पेशीद्रव 'डब्ल्यूए' म्हणजे रानटी भातातलं. ते सापडलं चीनच्या हैनान बेटावर, तिथले भातशास्त्रज्ञ युआन लोंगपिंग यांच्या चमूला, नोव्हेंबर १९७० मध्ये. ज्या वर्षी एका पिकाची एकुलती एक आई कोसळली, त्याच वर्षी दुसऱ्या पिकाला आई मिळाली. हा योगायोग मी वर्गात सांगितल्याशिवाय राहत नाही.

मक्यात निदान तुरा ओढता येतो. भातात फूल एवढंसं, उघडतं सकाळी, तेही तासभर. हाताने परागकोष काढणं अशक्य. त्यामुळे भाताला नरवंध्य पेशीद्रवाशिवाय फारसा पर्याय नव्हता.

आता पेशीद्रवाचा शेतातला परिणाम म्हणजे काय, तो इथे डोळ्यांनी बघा. डब्ल्यूए पेशीद्रवाच्या मादीची लोंबी नीट निसवत नाही. खालचा भाग पोटरीतच अडकतो. अडकलेल्या फुलांना पराग पोचत नाही, म्हणजे दाणा नाही. म्हणून बीजोत्पादनात जिब्रेलिक आम्लाची फवारणी करतात, देठ लांबतो आणि लोंबी बाहेर येते. मग सकाळी फुलं उघडली की दोघे जण दोन बांधांवर उभे राहून नराच्या ओळींवरून दोरी ओढतात, पराग उडावा म्हणून. कोणी बांबू वापरतात. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, यांना भातात काही सापडत नाहीये.

मादी ओळ खरंच वांझ आहे हे कसं तपासायचं?

फूल उघडण्याआधी, सकाळी लवकर, लोंबीतली चार-पाच फुलं घ्या. चिमट्याने परागकोष काचपट्टीवर काढा, चिरडा, एक टक्का आयोडीन-पोटॅशियम आयोडाइडचा थेंब टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सशक्त पराग गोल, टपोरा, काळानिळा, कारण आत पिष्ट भरलेलं असतं. वांझ पराग चुरगळलेला, वेडावाकडा, पिवळट. पहिल्यांदा पाहताना मला बाजारातल्या पोचट वालाची आठवण झाली होती. नुसत्या डोळ्यांनीही अंदाज येतो: वांझ परागकोष बारीक, फिकट पांढरट, तर चांगले भरलेले पिवळे. मादी ओळीत पिवळे परागकोष असलेलं झाड दिसलं की मुळासकट उपटा आणि शेताबाहेर न्या. बांधावर टाकलं तर तिथूनही पराग उडतो.

संकरित पिकाचं घरचं बी पुढच्या वर्षी धरलं तर?

पीक येईल, पण विस्कटलेलं. संकरातला जोम उतरतो, उंची आणि पक्वता एकसारखी राहत नाही. आई वंध्य पेशीद्रवाची असेल तर आणखी एक भानगड: पुढच्या पिढीतल्या सगळ्या झाडांत तेच पेशीद्रव असतं, पण गवंडी जनुक सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. मग भातात काही झाडं वांझ निघतात आणि लोंब्या पोचट राहतात. एकच पुनःस्थापक जनुक असेल तर चारांत एक, दोन असतील तर प्रमाण बदलतं. मक्यातल्या एस-पेशीद्रवात हे होत नाही. तिथे गवंडी जनुक नसलेला परागकणच मरतो, त्यामुळे पुढच्या पिढीत प्रत्येक झाडाला बापाकडून ते जनुक मिळालेलं असतं.

आमच्या स्वीट कॉर्नच्या कणसात मध्ये मध्ये साधे, टणक दाणे निघाले. हे पेशीद्रवामुळे का?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर बरोबर उलटं. हा बापाचा पराक्रम आहे. शेजारच्या शेतातल्या साध्या मक्याचा पराग वाऱ्याने तुमच्या कणसाच्या केसांवर पडला. प्रत्येक केस म्हणजे एक दाणा. ज्या केसावर साधा पराग पडला तो दाणा त्याच हंगामात पिठूळ होतो, कारण गोडीची जनुकं दबून जाणारी आहेत. उपाय अंतराचा किंवा तारखेचा. दोन्ही शेतं एकाच वेळी तुऱ्यावर येणार नाहीत अशी पेरणी पुढे-मागे करा, शेजाऱ्याशी बोलून. बीजोत्पादनासाठी संकरित मक्याला किमान २०० मीटर अंतर राखतात, आपल्या कोकणातल्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीत ते जमणं कठीणच.

मी दोन ओळींचा (शुद्ध वाणांचा) उलटसुलट संकर केला, म्हणजे एकदा एक ओळ आई आणि एकदा दुसरी, आणि फरक दिसला. म्हणजे पेशीद्रवाचा परिणाम सिद्ध झाला ना?

नाही झाला. विद्यार्थी इथेच घाई करतात. आईचा परिणाम तीन वाटांनी येतो. पहिली वाट, आईने दाण्याला किती पोसलं. मोठ्या दाण्याच्या आईचं रोप सुरुवातीला जोमदार दिसतं, महिन्याभरात फरक पुसला जातो. दुसरी वाट, दाण्यातला पिठाचा भाग: त्यात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक, त्यामुळे उलट संकरात मात्रा बदलते. तिसरी वाट खऱ्या पेशीद्रवाची.

वेगळं करायचं असेल तर धीर हवा. एका ओळीचं पेशीद्रव ठेवून दुसऱ्या ओळीशी पुन्हा पुन्हा मागे संकर करा, दर वेळी आधीच्या संकराचं झाड आईच्या बाजूने. सहा वेळा मागे संकर झाला की केंद्रक सरासरीने ९९ टक्क्यांहून जास्त दुसऱ्या ओळीचं होतं. तरीही फरक टिकला, तर तो पेशीद्रवाचा. वर्षाला दोन हंगाम धरले तरी तीन-साडेतीन वर्षं. प्रबंधाची मुदत दोन वर्षांची असते, हे मला माहीत आहे.

घाटावर बाजरीवर गोसावी (केवडा) रोग आला होता, तोही पेशीद्रवामुळेच असं ऐकलं.

तसा संशय होता खरा. १९६५ पासून आलेले संकरित बाजरीचे वाण एकाच नरवंध्य पेशीद्रवावर उभे होते आणि १९७०च्या दशकात गोसावीने त्यांची दाणादाण उडवली. अमेरिकेतला मका ताजा डोळ्यांसमोर होता, त्यामुळे बोट लगेच पेशीद्रवाकडे गेलं. तपासणीत मात्र त्या पेशीद्रवाचा दोष निघाला नाही. मादी ओळीच्या केंद्रकातली जनुकंच रोगाला बळी पडणारी होती.

वानरं खाणार नाहीत असा मका पेशीद्रव बदलून मिळेल का?

नाही. आणि मिळाला तर तो माणसांनाही आवडणार नाही.

मुलांना घरच्या घरी दाखवता येईल असं काही आहे का?

पानांवर पांढरे चट्टे असलेली गुलबक्षी शोधा. ती सहज सापडत नाही. फुलांवर दोन रंगांचे शिंतोडे असलेली गल्लोगल्ली दिसते, पण ती वेगळी गोष्ट, तिचा या वारशाशी संबंध नाही. पानं चट्ट्याची मिळाली तर त्याच झाडावर एक पूर्ण हिरवी, एक पूर्ण पांढरी आणि एक चट्ट्याची फांदी हेरा. दुपारी चारच्या आधी, कळी उघडण्यापूर्वी, परागकोष कात्रीने काढा, संध्याकाळी कुठल्याही फांदीवरच्या फुलाचा पराग लावा, आणि प्रत्येक फांदीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा. बी काळं, मिरीसारखं होईल. दोऱ्याच्या रंगाप्रमाणे वेगवेगळ्या कुंड्यांत पेरा. हिरव्या फांदीच्या बीची रोपं हिरवी, चट्ट्याच्या फांदीची तिन्ही तऱ्हेची, पांढऱ्या फांदीची सगळी पांढरी. पांढऱ्या रोपांना हरितद्रव्य नाही, बियातला साठा संपला की ती माना टाकतात. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती रोज सकाळी त्या कुंडीला जास्तच पाणी घालत बसतात.